बिऱ्हाड कुठे मांडायचं?

लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडची वडीलधारी बसतात, तेव्हा हॉल, जेवणाची पानं, मानपान, आहेर हे सगळं नीट बोललं जातं. मुलगी वर्धा जिल्ह्यात शिक्षिका आणि मुलगा पुण्यात कंपनीत, हा विषय मात्र 'बदली होऊन जाईल' एवढ्या तीन शब्दांत उरकतो. बदली होते का, कोणाची होते, तिच्या बदल्यात काय द्यावं लागतं, हे त्या बैठकीत बहुधा कोणालाच माहीत नसतं. लग्न होतं, वर्ष जातं, दुसरं जातं. मग एक दिवस कोणीतरी मुलीला विचारतं, 'असं किती दिवस चालणार? सोडून का देत नाहीस?'

हा प्रश्न फार लवकर विचारला जातो आणि बहुतेक वेळा तिलाच विचारला जातो. नोकरी कोणी सोडायची हे ठरवण्याआधी कोणती नोकरी जागची हलू शकते, कोणत्या नियमाने आणि काय किंमत घेऊन हलते, हे पाहायला हवं. पगाराची तुलना त्यानंतर. बरीच जोडपी उलट्या क्रमाने जातात. ज्याचा पगार मोठा त्याचं गाव ते आपलं गाव, असं धरून चालतात. मोठ्या पगाराची नोकरी बरेचदा सहज हलणारी असते आणि लहान पगाराची नोकरी गेली की परत मिळत नाही, हे कळेपर्यंत राजीनामा मंजूर झालेला असतो.

वर्धा-पुण्याचंच उदाहरण शेवटपर्यंत धरू. ती वर्धा जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवते. तो हिंजवडीत एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे.

आधी तिची नोकरी. प्राथमिक शिक्षिकेची नियुक्ती करते ती त्या जिल्ह्याची परिषद. सेवाज्येष्ठतेची यादी जिल्ह्याची, आरक्षणाची बिंदुनामावलीही जिल्ह्याची. म्हणून तिच्यासाठी बदली दोन प्रकारची असते. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात होते ती जिल्हांतर्गत आणि दुसऱ्या जिल्ह्यात जायचं ती आंतरजिल्हा. लोक 'बदली' म्हणताना या दोन्ही एकच समजतात, पण दोन्हींचे नियम आणि परिणाम पार वेगळे आहेत.

जिल्हांतर्गत बदल्या २०१७ च्या धोरणापासून ऑनलाइन झाल्या. पुढे ७ एप्रिल २०२१ आणि १८ जून २०२४ च्या शासन निर्णयांनी नियम बदलत गेले, पण सांगाडा तोच राहिला. शिक्षकांचे संवर्ग पाडलेले असतात. पहिल्यात गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा, परित्यक्ता वगैरे. दुसरा संवर्ग पती-पत्नी एकत्रीकरणाचा. तिसऱ्यात अवघड क्षेत्रात ठरलेली वर्षं काढून बदलीचा अधिकार मिळवलेले आणि चौथ्यात एका जागी मुदत पूर्ण झाल्यामुळे बदलीपात्र ठरलेले. दुसऱ्या संवर्गात यायला दोघांच्या नोकरीच्या गावांत ३० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असावं लागतं आणि त्या अंतराचा दाखला द्यावा लागतो. तीस किलोमीटरचा हा आकडा शिक्षकांच्या संसारात इतका महत्त्वाचा आहे की रस्ता कुठून मोजायचा यावरून तक्रारी आणि चौकश्या झाल्या आहेत.

पण या संवर्गात जोडीदार कोणता चालतो, ते फार थोड्यांना माहीत असतं. तो जिल्हा परिषदेत, राज्य किंवा केंद्र सरकारच्या सेवेत, महापालिका-नगरपालिकेत, सार्वजनिक उपक्रमात किंवा अनुदानित संस्थेत असेल तर चालतो. खासगी कंपनीतला जोडीदार या एकत्रीकरणात धरला जात नाही. आपल्या उदाहरणातला नवरा पुण्यात तलाठी असता तर तिच्या आंतरजिल्हा बदलीच्या अर्जालाही वजन आलं असतं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून नियमाच्या दृष्टीने ती सर्वसाधारण अर्जदार ठरते. हा नियम मला अन्यायाचा वाटतो. खासगी नोकरीवाल्याचाही संसार असतो आणि शिक्षिकेला होणारा विरह नवऱ्याच्या पगारपत्रकावर कोणाची सही आहे त्यावरून कमी-जास्त होत नाही. पण आज नियम हा आहे आणि निर्णय त्याच्यावरच बेतावा लागतो.

आता आंतरजिल्हा. पुणे जिल्ह्यात जायचं तर तिथे तिच्या माध्यमाची, तिच्याच प्रवर्गाची, बिंदुनामावलीप्रमाणे जागा रिकामी हवी. ती इतर मागास प्रवर्गातून लागली असेल, तर पुण्यात खुल्या प्रवर्गाच्या जागा रिकाम्या असून तिला काही उपयोग नाही. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांत यायला रांग मोठी असते. ऑनलाइन पसंतीक्रम भरून बदलीचा आदेश निघाला तरी सुटका होतेच असं नाही. मूळ जिल्ह्यात रिक्त पदं फार झाली असतील तर कार्यमुक्त करायला हात आखडता घेतला जातो. आदेश हातात आणि पाय जुन्याच शाळेत, अशी वर्षं काढलेले शिक्षक विदर्भ-मराठवाड्यात आणि कोकणात भेटतात.

समजा, सगळं जमलं आणि ती पुणे जिल्ह्यात रुजू झाली. नव्या जिल्ह्यात तिची सेवाज्येष्ठता शून्यापासून सुरू होते. पगार आणि झालेली नोकरी बुडत नाही, पण ज्येष्ठता यादीत ती सगळ्यांच्या खाली जाते. मुख्याध्यापक, विस्तार अधिकारी अशा पदोन्नत्या लांबतात. शिवाय शेवटी आलेल्याला उरलेली शाळा मिळते. पुणे जिल्हा परिषदेची हद्द म्हणजे पुणे शहर नव्हे. शहरातल्या शाळा महापालिकेच्या, त्या या बदलीत येतच नाहीत. तिला मिळेल ती शाळा भोर, आंबेगाव किंवा जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर असण्याची शक्यता जास्त. जुन्नरहून हिंजवडी रोज गाठता येत नाही. म्हणजे बदली होऊनही दोन बिऱ्हाडं राहतील आणि ज्येष्ठता गेली ती गेलीच. दोन गावांतलं अंतर सातशे किलोमीटरवरून शंभरावर येणं ही मोठी गोष्ट आहे, मी ती कमी लेखत नाही. पण 'पुण्याला बदली' या शब्दांवरून डोळ्यांपुढे येतं ते घर वेगळं असतं.

तिने राजीनामा दिला तर? ही नोकरी परत मिळवायची वाट अशी: शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग पवित्र पोर्टलवरून भरती. ही अभियोग्यता चाचणी २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये. मधल्या वर्षांत वयोमर्यादा ओलांडून गेलेल्यांची संख्या कमी नाही. निवड झालीच तर पुन्हा तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून दरमहा १६,००० रुपये मानधनावर काढायची. राजीनामा द्यायच्या आधी असाधारण रजेचा विचार जरूर करावा. ती बिनपगारी असते आणि हक्काने मागता येत नाही, पण मंजूर झाली तर नोकरी शाबूत ठेवून काही महिने एकत्र राहून पाहता येतं.

त्याची नोकरी कशी हलते ते पाहायला इतका वेळ लागत नाही. कंपनीचं नागपूरला कार्यालय आहे का? टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालयं नागपूरच्या मिहानमध्ये आहेत. मिहान वर्धा रोडवर, शहराच्या दक्षिण टोकाला. तिथून सेलू पन्नासेक किलोमीटर. सेलू नागपूर-वर्धा रस्त्यावरच आहे. आपल्या जोडप्याच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात शोधत बसण्यापेक्षा या रस्त्यावर शोधणं जास्त शहाणपणाचं. पण ते तसं शोधलं जात नाही, कारण बायकोच्या गावी नवऱ्याने जायचं ही कल्पनाच पुष्कळ घरांत पुढे येत नाही. बायोडाट्यातल्या अपेक्षांच्या रकान्यात 'पुणे-मुंबई' लिहिलेलं असतं आणि ते दोन्ही बाजूंनी लिहिलेलं असतं.

कंपनीतली बदली मागताना चार गोष्टी लेखी विचाराव्यात. सध्याचा प्रकल्प नागपूरहून करता येईल का, पगाराची रचना शहर बदलल्यावर बदलते का, बढतीसाठी पुण्यात हजर असणं लागतं का, आणि परत पुण्यात यायचं झालं तर काय. घरून काम करण्याची सवलत असेल तर ती धोरणात लिहिलेली आहे की साहेबाच्या मर्जीवर, हेही पाहावं. साहेब बदलला की मर्जी बदलते आणि तिच्यावर विसंबून घेतलेलं भाड्याचं घर अंगावर पडतं. नव्या कंपनीत जायचं असेल तर नोटिशीचा काळ बहुतेक ठिकाणी दोन ते तीन महिन्यांचा असतो.

बाकीच्या नोकऱ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्या २००५ च्या बदली अधिनियमाने चालतात. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षं आणि बदल्या एप्रिल-मे मध्ये. केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २००९ ला पती-पत्नीला एका ठिकाणी ठेवण्याबद्दलच्या आधीच्या सूचना एकत्र करून जास्त ठाम केल्या. दोघं एकाच सेवेत असतील आणि तिथे पद उपलब्ध असेल तर एकत्र नेमणूक करावी असं त्यात आहे. आयएएस, आयपीएस अधिकाऱ्यांनी आपसांत लग्न केलं तर केडर बदलून मिळतं, मात्र स्वतःच्या मूळ राज्यात जाता येत नाही. रेल्वेत विनंती बदली मागितली की नव्या ठिकाणी ज्येष्ठता तळाला जाते. आपसी बदलीत दोघांपैकी जी कनिष्ठ ती ज्येष्ठता मिळते, म्हणून रेल्वेवाले आपसी बदलीचा जोडीदार वर्षानुवर्षं शोधत असतात. सार्वजनिक बँकांना केंद्राच्या अर्थखात्याने २०१४ मध्ये कळवलं की महिला कर्मचाऱ्यांना शक्य तितकं नवऱ्याच्या गावाजवळ नेमावं. बँकेत बढती घेतली की पुन्हा दूर जावं लागतं. त्यामुळे बढती नाकारून गावात राहिलेल्या बायका प्रत्येक बँकेत दिसतात.

सगळ्यांत अचल नोकरी अनुदानित कॉलेजातल्या प्राध्यापकाची. ती नोकरी संस्थेची असते. रयतसारख्या अनेक जिल्ह्यांत शाखा असलेल्या संस्थेत बदली होते. संस्थेचं एकच कॉलेज असेल तर बदली हा शब्दच लागू नाही. दुसरीकडे जायचं तर जाहिरात यावी लागते, ना हरकत घेऊन अर्ज करावा लागतो, नव्याने मुलाखत द्यावी लागते. जम बसलेला दवाखाना किंवा वकिली याहूनही घट्ट असते. अशा माणसाशी लग्न करताना त्याचं गाव हेच आपलं गाव किंवा कायमची दोन बिऱ्हाडं, हे आधीच समजून घ्यावं.

एकत्र नेमणूक हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे का? सर्वोच्च न्यायालयाने तसं कधी म्हटलेलं नाही. १९९१ च्या बँक ऑफ इंडिया विरुद्ध जगजीतसिंग मेहता या निकालात न्यायालय म्हणालं की शक्य असेल तिथे पती-पत्नीला एका गावी ठेवावं, पण अखिल भारतीय बदलीची नोकरी पत्करलेल्याला तसा हक्क सांगता येत नाही. १० मार्च २०२२ च्या नौशाद रहमान खटल्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर विभागातल्या आंतरआयुक्तालय बदल्या बंद करणारं परिपत्रक न्यायालयाने कायम ठेवलं, पण त्याचबरोबर कौटुंबिक जीवन आणि स्त्रियांवर पडणारा वेगळा भार लक्षात घेऊन धोरणाचा फेरविचार करायला सांगितलं. अर्ज करताना या निकालांचा आधार जरूर घ्यावा. त्यांच्या भरवशावर संसाराचं गाव मात्र ठरवू नये.

दुसरा कायदा घरातला. 'मी नवरा आहे, तू माझ्या गावी यायलाच हवं,' असं कायदा म्हणतो, हा समज अजून आहे. १९७८ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा स्वराज गर्ग खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. पत्नी पंजाबातल्या सुनाम इथे लग्नाच्या आधीपासून शिक्षिका, पती दिल्लीत. लग्न १९६४ मध्ये झालं. पुढे पतीने हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली, तिने दिल्लीला येऊन नांदावं म्हणून अर्ज केला. न्यायालयाने तो मान्य केला नाही. संसाराचं ठिकाण ठरवण्याचा अधिकार एकट्या नवऱ्याचा, असा नियम नाही. दोघंही कमावते असतील तर प्रत्येकाची परिस्थिती पाहूनच ते ठरेल, असं न्यायालयाने म्हटलं. लग्नानंतर कुठे राहायचं याची चर्चा या दोघांत लग्नाआधी झालेलीच दिसत नाही, याचीही नोंद त्या निकालात आहे. नोकरीसाठी वेगळ्या गावी राहणं म्हणजे नवऱ्याला टाकणं नव्हे, एवढं तरी त्या निकालानंतर कोणी मुलीला ऐकवू नये.

आता पैसा. समजा, त्याच्या हातात महिन्याला ९५,००० येतात, तिच्या हातात ५०,०००. दोन बिऱ्हाडं ठेवली तर पुण्याचं भाडं २२,०००, सेलू-वर्ध्याचं ८,०००, दुसऱ्या स्वयंपाकघराचा, विजेचा, इंटरनेटचा वरचा खर्च ६,००० आणि येण्याजाण्याचे १०,०००. एकूण ४६,०००. १,४५,००० मधून ते वजा जाता ९९,००० उरतात.

तिने नोकरी सोडून पुण्याला यायचं ठरवलं तर घरात ९५,००० येतील आणि भाड्याचे २२,००० जाऊन ७३,००० राहतील. पुण्यात खासगी शाळेत तिला पंधरा-वीस हजारांची नोकरी मिळाली तर आकडा ९० च्या घरात जाईल. त्याने पगार पंधरा टक्के कमी करून मिहानला बदली घेतली तर ८१,००० आणि ५०,००० मिळून १,३१,०००. भाडं १४,००० आणि रोजच्या प्रवासाचे ८,००० गेले की उरतात १,०९,०००. सगळ्यांत कमी पगाराकडे जाणारा माणूस सगळ्यांत जास्त शिल्लक घरी आणतो आणि दोघं रोज एका घरात जेवतात. आकडे प्रत्येकाचे वेगळे असतील, पण कागदावर ही तीन गणितं शेजारी शेजारी मांडल्याशिवाय राजीनाम्याचा विषय काढू नये.

या गणितात न दिसणारी रक्कमही मोठी आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्यांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन खात्यात कर्मचाऱ्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर १० टक्के जातात आणि सरकारचे १४ टक्के. राजीनाम्याबरोबर ते थांबतं. वार्षिक वेतनवाढ थांबते. बत्तिसाव्या वर्षी सोडलेल्या नोकरीची किंमत त्या महिन्याचे ५०,००० नसते. पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांची असते.

करात दोन बिऱ्हाडांना थोडा दिलासा आहे. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला आपण प्रत्यक्ष राहतो त्या घराच्या भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट मिळते. दोघं दोन गावी भाडं भरत असतील तर दोघांनाही आपापली मिळते. नव्या पद्धतीत ही सूट नाही. घरं स्वतःची असतील तर दोन घरांपर्यंत काल्पनिक भाड्यावर कर लागत नाही आणि २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्यामागच्या अटीही काढल्या. तरीही, गाव नक्की होईपर्यंत घर विकत घेऊ नये असं मी कळकळीने सांगेन. पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवला की त्याचा हप्ताच मग कुठे राहायचं ते ठरवायला लागतो.

अंतराचंही एक गणित आहे. ते किलोमीटरमध्ये करण्यापेक्षा आठवड्याच्या तासांत करावं. पन्नास किलोमीटरपर्यंत अपडाऊन जमतं. विदर्भात, खानदेशात हजारो कर्मचारी करतात. तिथे एक अडचण लक्षात घ्यायची. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावं असा नियम आहे, घरभाडे भत्ता त्याच्याशी जोडलेला आहे आणि त्यावरून कारवाया होतात. म्हणून आपल्या जोडप्याने घर सेलूच्या बाजूला घेऊन त्याने मिहानला जाणं हे नियमाला धरून होईल. रेल्वेचा मासिक पास साधारणपणे १५० किलोमीटरपर्यंतचा असतो. मुंबई-पुणे आणि मुंबई-नाशिक ही अंतरं त्याहून मोठी असूनही डेक्कन क्वीन आणि पंचवटीने वर्षानुवर्षं जाणारे पासधारक आहेत. रोजचे सात-आठ तास घराबाहेर जास्तीचे जातात आणि पोर लहान असताना ते फार जड होतात.

दीडशेच्या पुढे आठवड्याची फेरी आणि चारशेच्या पुढे पंधरवड्याची. वर्धा-पुणे सातशेच्या आसपास. ऑगस्ट २०२५ पासून अजनी-पुणे वंदे भारत धावते. तिला साधारण बारा तास लागतात आणि ती दिवसाची गाडी आहे, म्हणजे शनिवार-रविवारातला एक दिवस गाडीतच जातो. नोकरी करणाऱ्याला उपयोगाची ती रात्रीची गाडी. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दोन गावी राहणाऱ्या जोडप्याने ती तारीख सांभाळली नाही तर दिवाळीला ट्रॅव्हल्सचे तिप्पट पैसे मोजावे लागतात. येणंजाणं आळीपाळीने असावं. एकच जण सारखा प्रवास करत राहिला की दोन वर्षांत त्याची पाठ आणि मन दोन्ही कुरकुरायला लागतात.

मधलं गाव निवडायची कल्पना ऐकायला न्यायाची वाटते. एकाची नोकरी मुंबईत, एकाची कोल्हापुरात, म्हणून घर पुण्यात. प्रत्यक्षात दोघंही रोज घराबाहेर राहतात आणि घर कुलूपबंद. मधलं गाव तेव्हाच धरावं, जेव्हा किमान एकाला तिथून रोज जाऊन येता येतं किंवा आजी-आजोबा तिथे आहेत.

कारण मूल झालं की सगळ्या हिशेबांचा पाया बदलतो. राज्याच्या कर्मचारी महिलेला १८० दिवस प्रसूती रजा आणि २०१८ पासून मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवस बालसंगोपन रजा आहे. खासगी क्षेत्रात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने सांगितली आहे. बापाच्या कंपनीत पाळणाघर असेल तर तेही मोजावं. मूल आईच्याच गावी राहील हे का धरायचं? रजा संपल्यावर मूल कोणाकडे, रात्री ताप आला तर दवाखान्यात नेणारं दुसरं माणूस कोण, हे दोन प्रश्न ज्या गावात नीट सुटतात ते गाव मुलाचं. त्यासाठी बाकीची काही गणितं तोट्यात गेली तरी चालतील, असं माझं ठाम मत आहे.

एक नोकरी बंगळूर-हैदराबादला आणि एक महाराष्ट्रात असेल तर शाळेचा विचार आणखी आधी करावा लागतो. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशाच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असणं लागतं, काही सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना मिळणारे अपवाद सोडून. अभियांत्रिकीत नियम थोडे सैल आहेत. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असले तरी वाट मिळते. अधिवासाच्या दाखल्याला राज्यात पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. म्हणजे मूल आठवीत जायच्या आत पुढची पाच वर्षं कुठल्या राज्यात काढायची ते ठरलेलं हवं. नववी-दहावीच्या मध्यावर केलेलं स्थलांतर सगळ्यांत महाग पडतं. भाषेचंही तसंच. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत सक्तीची आहे, बंगळूरला मुलासमोर कन्नड येईल. लहान वयात मुलं ती सहज उचलतात, सातवी-आठवीत अडखळतात.

मग ठरवायचं कसं? दोघांनी एकत्र बसून आपापल्या नोकरीचा नियम मूळ कागदावरून वाचावा. सहकाऱ्याच्या 'आमच्या त्या अमुकची झाली होती' या गोष्टीवर जाऊ नये. शासन निर्णय सरकारच्या संकेतस्थळावर मराठीत आहेत. मग तीन गणितं. मग एक तारीख. 'सध्या वेगळे राहू, बघू' हे वाक्य घातक आहे, त्यात तारीख घातली की ते करार होतं. दोन बदली-हंगाम प्रयत्न करू आणि जमलं नाही तर २०२८ च्या मे मध्ये तो नागपूरला येईल, असं बोलावं आणि दोन्ही घरच्यांना सांगून टाकावं. एकाने एकदा माघार घेतली असेल तर पुढची संधी कोणाच्या करिअरची, हेही त्याच वेळी बोलावं. ज्याने गाव सोडलं त्याच्या नावावर बचत जास्त राहील, असं काही जोडपी ठरवतात आणि ते मला फार योग्य वाटतं.

बाकी काम तारखांचं. सरकारी बदल्यांची माहिती भरायची मुदत अचानक येते आणि थोड्या दिवसांची असते. विवाह नोंदणीचा दाखला, सेवापुस्तकातल्या नावातला बदल, जोडीदाराच्या कार्यालयाचं प्रमाणपत्र आणि लागू असेल तर अंतराचा दाखला, हे सगळं हिवाळ्यातच तयार हवं. लग्नानंतर नाव बदललं आणि सेवापुस्तकात जुनंच राहिलं, तर अर्ज पडताळणीत अडकतो. नवरा कंपनी बदलणार असेल आणि नोटीस तीन महिन्यांची असेल तर ती मार्चच्या सुरुवातीला द्यावी. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी मिहानला रुजू होऊन, सेलू-वर्ध्याच्या बाजूला घर बघून, सामान लावून व्हायला तेवढा वेळ पुरतो. भाडेकरार पहिल्यांदा अकरा महिन्यांचाच करावा.